खळ दिलेली मोटार

सोनाबाईला मोजायला डोळे लागत नसत. गिरणीच्या रीळ खात्यात सोळा वर्षं सुताच्या लड्या उतरवून तिची बोटं अशी तयार झाली होती, की शेजारणीच्या सुनेच्या कागाळ्या ऐन रंगात आलेल्या असल्या तरी इकडे वेढ्यांची मोजणी बिनचूक चाललेली असे. मध्येच ती "छप्पन" म्हणे आणि पुन्हा त्या सुनेकडे वळे. बायका हसत. तपासनीस संशय घेऊन मोजून पाही, तर वेढे छप्पनच भरत.

ती मूळची करमाळ्याकडची. नवरा धोंडीराम पोटापाण्यासाठी सोलापुरात आला आणि सायझिंग खात्यात चिकटला. मागावर चढवायच्या सुताला पिठाची पातळ खळ पाजायची आणि वाफेनं तापलेल्या पिंपांवरून ते सुकवून घ्यायचं, हे त्या खात्याचं काम. धोंडीराम घरी यायचा तो अंगाला त्या खळीचा आंबूस वास घेऊन. नऊ वर्षांनी तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. भवानी पेठेतली एक खोली आणि डोळ्यांनी अधू झालेली सासू एवढं मागे राहिलं. सोनाबाईने कपाळाला हात लावून बसायला चार दिवस घेतले आणि पाचव्या दिवशी ती भोंग्याबरोबर गिरणीत हजर झाली.

सन पस्तीसच्या सुमाराला त्या गिरणीत विजेच्या मोटारी आल्या. त्याआधी एकच अगडबंब वाफेचं इंजिन सगळ्या खात्यांचे पट्टे ओढायचं. आता ज्या त्या खात्याला ज्याची त्याची मोटार मिळाली. मोटारी चालायच्या झकास, पण जळायच्याही. तीन तारांपैकी एखादीचा फ्यूज उडाला आणि कुणाच्या ध्यानात आलं नाही, की मोटार उरलेल्या दोन तारांवर कण्हत राही आणि तासाभरात आतली गुंडाळी करपून जाई. ती भरून आणायला मुंबईला पाठवायची म्हणजे दीड महिन्याची निश्चिंती.

इलेक्ट्रिक खात्याचे फोरमन यज्ञेश्वर बोरगावकर यांनी हट्टानं गिरणीतच गुंडाळीची खोली उघडली. मुंबईहून एक कारागीर दोन महिने शिकवायला आला. त्याच्या हाताखाली दोन तरणे फिटर दिले होते, पण त्यांची मोजणी दर चाळीस वेढ्यांनंतर चुके. शेवटी बोरगावकर वैतागून रीळ खात्यात गेले आणि तिथं त्यांच्या कानावर ते "छप्पन" पडलं. रीळ खात्यातून त्या वर्षी चाळीस बायका कमी व्हायच्या होत्या, त्यांत सोनाबाईचं नाव होतं. ते खोडून तिला गुंडाळीच्या खोलीत आणलं. बाई आणि विजेच्या कामाला, म्हणून गिरणीभर चार दिवस चर्चा झाली, मग लोकांना दुसरा विषय मिळाला.

बोरगावकरांना शिकवायची खोड होती. ऐकणारा मिळाला नाही तर हा माणूस खांबालाही शिकवील, असं फिटर म्हणत. सोनाबाई मन लावून ऐकते म्हटल्यावर त्यांना स्वर्गच हाती लागला. ते तिला 'तुम्ही' म्हणत, तेही गिरणीत नवलच होतं. त्यांनी तिला मोटार उघडून दाखवली. बाहेरचं कवच म्हणजे पातळ लोखंडी पत्रे एकावर एक दाबून केलेलं जाड कडं, त्याच्या आतल्या अंगाला छत्तीस खाचा. खाचांत तेलकट जाड कागद घालून त्यावर तांब्याच्या तारेच्या कॉइली बसवायच्या आणि वरून बांबूच्या पट्ट्या ठोकून त्या पक्क्या करायच्या. कॉइलींच्या तीन टोळ्या, कारण विजेच्या तारा तीन. तिन्ही तारांतला जोर एकदम येत नाही. एकीचा ओसरू लागतो तोवर दुसरीचा चढतो, मग तिसरीचा, तीन बायका एका उखळात पाळीपाळीनं मुसळ टाकतात तसा. त्यामुळे कवच जागचं हलत नसलं तरी त्याच्यातली लोहचुंबकाची ओढ गोल गोल पळत राहते.

या कवचाच्या पोटात एक पिंजरा बसवलेला असतो. जाड कांबी, दोन्ही टोकांना कड्यांनी जोडलेल्या. त्याला एकही तार जोडलेली नसते, तो कवचाला कुठं टेकतही नाही, मध्ये नखाच्या जाडीची फट. बाहेरची ओढ त्याच्यावरून पळत गेली की कांबींत आपोआप वीज उपजते आणि पिंजरा त्या ओढीमागे धावू लागतो.

"मग गाठत आसंल की कवातरी," सोनाबाई म्हणाली.

कधीच नाही, असं बोरगावकर म्हणाले. गाठलं तर कांबींतली वीजच संपली, जोर गेला, पिंजरा पुन्हा मागे पडला. थोडं मागे राहण्यातच त्याची सगळी ताकद आहे. सोनाबाई यावर बराच वेळ विचार करत बसली आणि मग म्हणाली की हे आपल्याला पटलं, भोंग्याच्या मागं आपणही असेच धावतो. बोरगावकरांना हे इतकं आवडलं की त्यांनी ते घरी जाऊन बायकोला सांगितलं.

पहिली मोटार भरायला सोनाबाईला एकोणीस दिवस लागले. तारेवर सुताचं आवरण असे. ते लोखंडाच्या कडेला घासून विस्कटायचं, त्याची लव उभी राहायची, तीन कॉइली तर काढून पुन्हा कराव्या लागल्या. दुसऱ्या मोटारीच्या वेळी तिनं डोकं चालवलं. लव उठणारं सूत बसवायचं कसं, हे सोलापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ती सायझिंगमधून डब्याच्या झाकणात खळ घेऊन आली, फडकं त्यात बुडवलं, तार त्या फडक्यातून ओढली आणि दोन खांबांना ताणून उन्हाच्या झळीत सुकवली. दुपारी बोरगावकर येईपर्यंत तार रिळावर परतलेली असे. तिनं ते लपवलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नाही.

काय गुळगुळीत बसली ती गुंडाळी. बारा दिवसांत मोटार तयार झाली. वर व्हार्निश चढवल्यावर ती इतकी देखणी दिसली की बोरगावकरांनी मॅनेजर साहेबांना मुद्दाम बोलावून दाखवली. ती मोटार सायझिंग खात्यात बसली आणि धोंडीरामच्या खात्यात आपली मोटार चालते म्हणून सोनाबाई जाता-येता तिचा आवाज ऐकत थांबू लागली.

उन्हाळा सरला. श्रावणात नागपंचमीची सुट्टी रविवारला जोडून आली आणि खातं दोन दिवस बंद राहिलं. सोमवारी सकाळी मोटार चालू करताना तेलवाला निंगप्पा एका हातानं तिच्या कवचाला धरून दुसऱ्या हातातल्या झारीनं बेअरिंगला तेल घालत होता. कळ दाबली गेली आणि निंगप्पा चार हात लांब फेकला गेला. झारी मोटारीवर उपडी झाली, फ्यूज उडाले, खातं बंद पडलं. तो वाचला. तळहात भाजला आणि खांदा लचकला, एवढ्यावर निभावलं.

मोटार तेलानं माखलेली सगळ्यांनी पाहिली. गुंडाळीत तेल गेलं तर ती बिघडते, हे एव्हाना गिरणीत सर्वांना पाठ झालं होतं. बोरगावकर बहिणीच्या लग्नासाठी रजेवर होते. मॅनेजर साहेबांनी चौकशी दहा मिनिटांत उरकली. निंगप्पाच्या निष्काळजीपणानं मोटार गेली, त्यानं शनिवारी येऊन आपला हिशेब घेऊन जावं. मोटार गुंडाळीच्या खोलीत आली, आणि निरोप आला की जुनी गुंडाळी तोडून काढा, नवी भरा.

सोनाबाईने मोटार उघडली. आत तेलाचा टिपूसही नव्हता. पण नाकाशी तो आंबूस वास आला आणि तिचे हात थांबले. सोळा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या सदऱ्याला यायचा तोच वास. व्हार्निशाला बारीक तडे गेले होते आणि तड्यांतून पांढरी बुरशी डोकावत होती. तांबं कुठं कुठं हिरवं पडलं होतं. खाचेच्या तोंडाशी एका ठिकाणी जोंधळ्याएवढा काळा डाग होता. खळीनं ओल धरली होती. तिथून वीज कवचावर आली आणि कवचावरून निंगप्पाच्या हातात गेली. हे तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

ती खाली बसली. समोर छिन्नी पडली होती. गुंडाळी तोडून काढा असा खुद्द मॅनेजरांचा हुकूम. दोन तासांचं काम, तार भंगारात, आणि हे जगात कुणालाही कळणार नाही. सांगितलं तर ही जागा गेली. रीळ खात्यात परत जायचं म्हणावं तर तिथल्या चाळीस बायका केव्हाच घरी बसल्या होत्या. आणि न सांगितलं तर शनिवारी निंगप्पा गिरणीच्या बाहेर. तो अक्कलकोटकडचा, नाकासमोर चालणारा. बोलताना निम्मं कानडी बोलायचा आणि तिला अक्का म्हणायचा.

मंगळवारी तिनं छिन्नी हातात घेतली आणि ठेवून दिली. बुधवारी फिटरनं विचारलं तर कंबर धरल्याचं सांगितलं. घरी सासूनं विचारलं, भाकरी करपली कशी, तर तिच्यावर खेकसली आणि मग वाईट वाटून तिचे पाय चेपत बसली. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला दोन दिवससुद्धा फार होतात.

गुरुवारी बोरगावकर रजेवरून परतले. ते खोलीत आले तसे सोनाबाईने मोटारीवरचं फडकं बाजूला केलं.

"साहेब, आत तेल गेल्यालं न्हाय. खळ हाय ती. म्या लावल्याली."

बोरगावकरांना आधी काही उमगेना. त्यांनी गुंडाळी नखानं खरवडली, वास घेतला आणि जिभेला लावून पाहिली. पिठाची चव कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला. हे करायला कुणी सांगितलं होतं, असं त्यांनी विचारलं. सोनाबाई म्हणाली, यात सांगायचं काय, सुताला खळ लावतातच की.

"निंगप्पा मेला असता, बाई."

"व्हय. म्हणून तर सांगाय लागले. त्येला काडू नका. काडायचं तर मला काडा."

बोरगावकर स्टुलावर बसले. मग ते हळूहळू, स्वतःशीच बोलावं तसं बोलू लागले. मागावरच्या सुतानं तुटू नये म्हणून त्याला खळ. या सुताचं काम निराळं. एका वेढ्यातली वीज दुसऱ्यात जाऊ नये, लोखंडात जाऊ नये, म्हणून ते तारेवर गुंडाळलेलं. त्यात व्हार्निश मुरलं पाहिजे. खळीनं सूत आधीच भरून टाकलं, व्हार्निश वरच्या वर राहिलं आणि खळ हवेतलं पाणी पीत बसली. उखळापासून पिंजऱ्यापर्यंत सगळं शिकवणारा हा माणूस नेमकं एवढंच सांगायचं विसरला होता, आणि ते त्याला आत्ता कळत होतं.

ते तसेच उठले आणि मॅनेजर साहेबांकडे गेले. आत काय बोलणं झालं ते त्यांनी पुढे तुटक तुटक सांगितलं. गुंडाळीत तेल गेलेलं नाही, दोष इलेक्ट्रिक खात्याचा आहे, गळलेली वीज मातीत जावी म्हणून कवचापासून जमिनीत सोडलेली तारही आपल्याच माणसांनी सैल ठेवली होती, असं त्यांनी कबूल केलं. निंगप्पाची शिक्षा रद्द झाली. पण मॅनेजर साहेबांनी हेही बजावलं, की सोमवारी सकाळी सायझिंग सुरू झालं नाही तर गुंडाळीची खोली बंद, पुढच्या सगळ्या मोटारी मुंबईला.

निंगप्पाचं ऐकून सोनाबाईचा अर्धा जीव खाली पडला. उरलेला अर्धा सोमवारवर टांगलेला होता.

नवी गुंडाळी भरायला बारा दिवस हवेत आणि हातात चार. बोरगावकरांनी काळा डाग पडलेली तेवढी कॉइल कापायला लावली. सोनाबाईने तिच्या जागी कोरड्या तारेची नवी भरली, आणि या खेपेला लव उठली तरी चकार शब्द काढला नाही. मग कवचाच्या पोटात चार मोठे दिवे सोडले, वर ताडपत्री घातली आणि गुंडाळी शेकत ठेवली. बोरगावकरांनी मेगर नावाची पेटी आणली. तिचं हँडल गरगर फिरवलं की सुई हले. सुई जितकी वर, तितकं तारेचं पांघरूण शाबूत. दर दोन तासांनी पाहायचं.

गुरुवारी संध्याकाळी सुई शून्याच्या जराशी वर होती. शुक्रवारी सकाळी ती आणखी खाली आली. दुपारी त्याहून खाली. सोनाबाई दारात उभी राहून पाहत होती. तिनं मनातल्या मनात पाटा-वरवंट्यापासून सगळं आवरायला घेतलं, सासूला घेऊन करमाळ्याला कुणाच्या दारात जायचं इथपर्यंत तिची मजल गेली. बोरगावकर मात्र शांत होते. शेवटी तिच्या तोंडाकडे त्यांचं लक्ष गेलं, आणि त्यांना आठवलं की आपण पुन्हा एकदा सांगायचं विसरलो. ओली गुंडाळी तापली की आधी सुई खालीच जाते, कारण आतली ओल हलू लागते. ओल बाहेर पडली की सुई चढते. खाली गेली म्हणजे काम सुरू झालं.

"आदी सांगायचं की वो साहेब," सोनाबाई म्हणाली, आणि तिला त्या माणसाचा पहिल्यांदाच मनापासून राग आला.

शनिवारी सकाळी बोरगावकरांनी हँडल तिच्या हाती दिलं. तिनं ते फिरवलं, रिळाच्या सवयीनं एका लयीत. सुई हलली, कालच्या खुणेवर आली, तिथं थांबली नाही, वर गेली, आणखी वर गेली आणि टिकली. बोरगावकरांनी चष्मा काढून पुसला. दुपारी पुन्हा पाहिलं तर ती त्याच्याही वर. सोनाबाईने हँडल सोडलं, भिंतीला टेकून बसली आणि पदर तोंडाला लावून मनसोक्त रडली. फिटर गडबडले. बोरगावकरांनी त्यांना व्हार्निश आणायला पिटाळलं. वर्ष-दोन वर्षांनी ही गुंडाळी बदलावीच लागेल, पण तेव्हा ती तुम्हीच भरायची आहे, असं ते खिडकीबाहेर बघत म्हणाले.

गरम गुंडाळीला दोनदा व्हार्निश पाजलं आणि रविवारभर भाजलं. सोमवारी भोंगा झाला आणि सायझिंगमधली मोटार पहिल्याच कळीला सुरू झाली. तिचा तो एकसुरी घुमणारा आवाज ऐकला आणि सोनाबाईला वाटलं, आपण आठ दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतोय. ती खांबाआडून बघत राहिली. निंगप्पा कामावर आला होता. हाताला फडकं बांधलेलं. तो मोटारीपासून दोन हात लांब उभा राहिला, भाजलेला हात पाठीमागे धरला आणि दुसऱ्या हातानं, अंग चोरून, एक एक थेंब तेल सोडू लागला. दर थेंबागणिक तो वाकून बघत होता, कुठं सांडलं तर नाही.

दुपारच्या सुट्टीत ती फाटकाजवळच्या लिंबाखाली गेली. निंगप्पाची बायको काशम्मा त्याची भाकरी घेऊन आली होती. तिनं फडकं सोडून भाकरी त्याच्यापुढं ठेवली आणि ती लांब, पाठ करून बसली. निंगप्पा भाकरीकडे नुसता बघत होता. सोनाबाई त्याच्याजवळ टेकली आणि तिनं सांगायला सुरुवात केली. लव, खळ, फडकं, दोन खांबांना ताणलेली तार, बुरशी, काळा डाग, सगळं. छिन्नी दोन दिवस हातात धरून बसल्याचंसुद्धा. तो आता काय म्हणेल ते ऐकून घ्यायची तिची तयारी होती. तो उठून निघून गेला असता तरी तिनं ते पदरात घेतलं असतं.

निंगप्पाने मान वर केली नाही. त्याचा आवाज इतका बारीक होता की तिला पुढे वाकावं लागलं.

"म्हंजे अक्का, माजं तेल नव्हतं?"

मग तो बोलू लागला. त्याला कारकुनानं एवढंच सांगितलं होतं, की साहेबांनी दया केली, सोमवारी ये. कशाची दया, ते कुणी बोललं नाही. सगळे तेलच म्हणत होते, तेव्हा तेलच असणार. बावीस वर्षं तेल घालतोय, एक थेंब कधी वाकडा गेला नाही, आणि आता हात म्हातारा झाला असं त्यानं धरून चाललं होतं. पडल्या पडल्या तो सारखं आठवून बघायचा, झारी कुठं हलली. काशम्माला तर तो आपल्याच चुकीनं मरायला टेकला होता याचा राग होता. स्वतःच्या हातानं मला विधवा करत होतास, असं म्हणून आठ दिवस ती त्याच्याशी धड बोलली नव्हती.

"तेलाचा थेंबसुद्दा आत न्हवता," सोनाबाई म्हणाली. "म्या सोताच्या डोळ्यानं बघितलं. वर सांडलं ते तुला धक्का बसल्यावर."

निंगप्पाने फडकं बांधलेला हात उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा करून पाहिला. त्याच्या खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखा तो सरळ बसला. सोनाबाईवर रागवायचं त्याच्या ध्यानातही आलं नाही. त्यानं मान वळवून हाक मारली, "काशम्मा, इल्ली बा." काशम्मा पाठ न वळवता तशीच बसून राहिली, तेव्हा त्यानं पुन्हा हाक मारली आणि ती नाइलाजानं येऊन उभी राहिली.

"अक्का, हिच्यापुडं सांगा," निंगप्पा म्हणाला. "पयल्यापासनं सांगा. तेलाचं दोनदा सांगा."